एनआरसी वॉर्डात 16 दिवस, भाच्यासोबत राहून लिहितोय, पाचपैकी 4 स्टार

आजपर्यंत मी रिव्ह्यू लिहिले ते चार्जर, इअरफोन आणि बायपासवरच्या एका ढाब्याचे. माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे त्यामुळं सवय आहे, पण सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डाचा पहिल्यांदाच लिहितोय. दवाखान्याचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथल्या सिस्टर लोकांना माझ्यामुळं बोलणी बसायला नको. मराठवाड्यातला एक जिल्हा समजा. वॉर्डाचं पूर्ण नाव पोषण पुनर्वसन केंद्र, सगळे एनआरसीच म्हणतात, आणि रिक्षावाल्याला सांगायचं असेल तर "बारक्या लेकरांचा कुपोषणवाला वॉर्ड" म्हणा, बरोबर नेऊन सोडतो.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर कळणार नाही. माझी ताई आणि दाजी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगंमागं मुकादमाची गाडी येते, उचल आधीच घेतलेली असते, मग मार्च संपेपर्यंत घरदार तिकडंच. मोठी पोरगी शाळेत म्हणून आमच्या आईकडं राहते, पण बारकं दीड वर्षाचं, अंगावर पिणारं, ते कुठं ठेवणार, ते गेलं आईबरोबर फडात. पहाटे अंधारात ताईच्या हातात कोयता आणि लेकरू बांधावर साडीच्या झोळीत. जरा मोठं झाल्यावर झोळीत थांबेना, मग मातीत. तळावर कोप्या असतात, संडास नाही, सगळे उसातच जातात, प्यायला जे पाणी मिळंल ते. मी एकदा जाऊन आलोय, दोन तासात परत निघालो, माझ्याच्यानं बघवलं नाही. ते लोक पाच महिने काढतात.

एप्रिलला परत आले तेव्हा भाच्याला मी ओळखलंच नाही हो. जाताना गुबगुबीत नव्हता पण लेकरासारखं लेकरू होतं. आला तो हातपाय काडी, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, केस तांबडे पडलेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रडायचं पण नाही. पायावर माशी बसली तरी पाय हलवायचं नाही.

आणि मग आमच्याकडं जे होतं तेच झालं. घरातल्या, गल्लीतल्या प्रत्येकानं निदान केलं – जंत. आईनं वावडिंग उकळून पाजायला सुरू केलं. शेजारच्या काकू म्हणल्या रात्री दात खातो ना मग जंतच. कोणीतरी सांगितलं गोडानं जंत वाढतात, झालं, गूळ बंद, केळं बंद, दुधातली साखर बंद. म्हणजे जे काय दोन घास आवडीनं खात होता ते पण आम्हीच काढून घेतलं. (नंतर वॉर्डात कळलं गोडाचा आणि जंताचा काही संबंध नाही, दात खाण्याचं पण तसंच. तेव्हा मला जमिनीत गेल्यासारखं झालं कारण हातातलं केळं मी स्वतः काढून घेतलेलं.) मग तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं जंताचं औषध, भूक लागायचं सिरप, एक टॉनिक. पंधरा दिवसांनी परत तेच. मग मेडिकलवाल्यानं आपल्या मनानं अजून एक बाटली दिली. सगळे मिळून 1,460 रुपये झाले, बिलं अजून माझ्याकडं आहेत. पैशाचं सोडा, पण दीड महिन्यात एकानंही लेकराला काट्यावर ठेवलं नाही! आमच्या दुकानात मोबाईल आला तर मी आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजतो, मग बोलतो.

मोजलं ते अंगणवाडीच्या बाईंनी. त्यांच्याकडं एक कागदासारखी पट्टी असते, हिरवा पिवळा लाल रंग असलेली, ती दंडाला गुंडाळायची. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवं, साडेअकरा ते साडेबारा पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. भाचा 11.2. बाईंनी पट्टी दोनदा लावली, मग मला बाजूला घेऊन म्हणल्या, दादा हे सॅममध्ये आहे, म्हणजे तीव्र कुपोषित, वर भूक पण नाही याला, गावात ठेवून भागायचं नाही, उद्याच्या उद्या जिल्ह्याला न्या, मी चिठ्ठी देते. बाईंचा पगार किती आणि कामं किती ते सगळ्यांना माहितीय, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन, निघालात का. अंगणवाडीला वेगळे 5 स्टार.

आता वॉर्ड. दहा बेड, भिंतीवर हत्ती ससा काढलेले, एका कोपऱ्यात खेळणी (अर्धी मोडकी, पण आहेत), एक छोटं किचन आणि त्यात ग्रॅमचा काटा. गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे साखरपाणी पाजलं, कागदपत्रं नंतर. मला हे फार आवडलं. मग कपडे काढून वजन, 7 किलो 600. उंची लाकडी फळीवर आडवं झोपवून, 79 सेंटीमीटर. वय दोन वर्षं एक महिना. रक्त, लघवी, संडास तपासायला घेतलं, छातीचा एक्सरे, कारण टीबी पण बघतात. हिमोग्लोबिन आलं 7.8.

पहिलं भांडण मीच केलं, सांगून टाकतो. मला वाटलेलं इथं नेल्यावर अंडी, दूध, खिचडी भरभरून देतील. तर सिस्टरनी मापाच्या भांड्यात पातळ दूध आणलं, 85 मिली, मोजून. दर दोन तासाला एवढंच. वाटी चमच्यानं, बाटली नाही. मी म्हणलं मॅडम उपाशी लेकराला पाणचट दूध पाजता, काय चाललंय. त्या चिडल्या नाहीत. म्हणल्या, एफ 75 म्हणतात याला, 100 मिलीत 75 कॅलरी, दूध साखर तेल आणि मुरमुऱ्याची पूड. एवढ्या महिन्यांची उपासमार झालेल्या लेकराला एकदम भरपूर खाऊ घातलं की हृदयाला झेपत नाही, अंगातले क्षार खालीवर होतात, लेकरू हातचं जाऊ शकतं. आधी गाडी चालू होऊ द्या, मग गिअर टाकू. रक्त कमी असून लोहाचं औषध पण पहिल्या आठवड्यात दिलं नाही, त्याचं पण कारण हेच, अशा लेकराच्या अंगाला ते सुरुवातीला सोसत नाही म्हणे. आणि हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण मे महिन्याच्या उकाड्यात रात्री लेकराला टोपी घालायला लावली आणि ताईच्या पोटाशी धरून झोपवायला लावलं, कारण अंगात चरबीच नसल्यामुळं ही लेकरं पहाटे गार पडतात.

दर दोन तासाला म्हणजे रात्री पण. अकरा, एक, तीन, पाच. रात्रीच्या सिस्टर एकट्या आणि लेकरं आठ, तरी एकही फीड चुकली नाही हे मी डोळ्यानं बघितलंय कारण मी बाहेर व्हरांड्यात चादर टाकून झोपायचो आणि दर दोन तासाला चमच्याचा आवाज यायचा. पहिले दोन दिवस भाचा अर्धं पण घेईना तेव्हा नाकातून नळी टाकली. ताई त्या रात्री खूप रडली, म्हणाली घेऊन चल घरी. दाजी पण मऊ पडले होते. सिस्टरनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, चहा पाजला, म्हणल्या दोन दिवस दे मला फक्त.

चौथ्या दिवशी दुपारी नळी काढली. पाचव्या दिवशी फीड संपल्यावर भाच्यानं वाटी सोडेना. दोन्ही हातानं धरून ठेवली आणि आत बघत बसला, संपलं कसं म्हणून, आणि मग भोकाड पसरलं. पूर्ण वॉर्ड हसला. सिस्टर म्हणल्या रडू द्या, रडतंय म्हणजे बरं आहे.

तिथून मग एफ 100, घट्ट, हळूहळू माप वाढवत, मग मऊ खिचडीत वरून तेल, शेंगदाण्या-गुळाचा लाडू कुस्करून, अंडं. हो, गूळ! वजन सुरुवातीला हललंच नाही, 7.580 पण झालं एकदा आणि माझं बीपी वाढलं, पण ते तसंच असतं, खरी वाढ घट्ट दुधापासून. मग रोज 50, 70, एका दिवशी 110 ग्रॅम. सकाळी काट्याभोवती सगळ्या आया जमायच्या, कोणाचं किती वाढलं, निकाल लागल्यासारखं. बाजूच्या बेडवरच्या पोरीचं एक दिवस घटलं तर तिच्या आजीपेक्षा आमच्या ताईचं तोंड जास्त उतरलेलं.

आता जंतांचं. संडासच्या रिपोर्टात दोन प्रकारची अंडी आली, गोल जंत आणि आकडीकृमी. मी डॉक्टरांना म्हणलं बघा, आम्ही म्हणतच होतो जंत आहेत, मग पहिल्याच दिवशी का नाही दिलं औषध. तरुण डॉक्टर होते, रात्रपाळी करून आलेले, तरी उभ्या उभ्या दहा मिनिटं दिली. म्हणले जंत पळून जात नाहीत, लेकरू आधी सावरू दे. आठव्या दिवशी अल्बेंडाझोल 400 ची एक गोळी दिली, दोन वर्षांच्या पुढं पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी. दोन चमच्यांच्या मधी चुरून, पाण्यात कालवून, समोर उभं राहून. गोळी तशीच घशात टाकायची नाही, ठसका लागून अडकते.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईची हाक आली, मी आत पळालो. डायपरमधी तीन जंत. पांढरट गुलाबी, गांडुळासारखे पण गुळगुळीत, एक तर माझ्या वितीपेक्षा लांब. साडेसात-आठ किलोच्या लेकराच्या पोटात! आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती देवाला हात जोडायला लागली, म्हणली बघ, हेच खात होते माझ्या नातवाला. मला पण तसंच वाटलं, गेले एकदाचे, सुटलो.

डॉक्टरांनी ते पण खोडून काढलं. म्हणले हे तीन काढले म्हणून वजन वाढणार नाही, वजन अन्नानं वाढतं. जंत भूक मारतात, खाल्लेलं नीट लागू देत नाहीत, आणि आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात म्हणून हिमोग्लोबिन इतकं खाली. पण नुसत्या जंताच्या औषधानं कुपोषण बरं झालं असतं तर तुमच्या त्या तीन बाटल्यांनीच झालं असतं की. आणि उलटं पण खरं, नुसतं खाऊ घालून पाठवलं आणि लेकरू परत अनवाणी उसात फिरलं तर सहा महिन्यांत मला परत इथंच भेटाल. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखापर्यंत अंडी घालते, ती संडासवाटे मातीत जातात, दोनतीन आठवडे मातीत मुरतात, मग मातीच्या हातानं तोंडात. मातीत ती वर्षानुवर्षं तग धरतात. आकडीकृमीला तर तोंड पण लागत नाही, मातीतली अळी अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ आत घुसते. मी त्या क्षणी खाली बघितलं, ताईच्या पायात स्लीपर नव्हती. तिची तुटलेली आणि मी चार दिवस झाले आणतो आणतो म्हणत होतो. त्याच दिवशी दोघांना आणल्या, भाच्याची शिट्टी वाजणारी 90 रुपयाला. पुढं वॉर्डभर पिकपिक, त्याबद्दल इतर पेशंटची माफी.

बाजूच्या आजींनी मधीच विचारलं, आमची पोरगी रात्री खाली खाजवते, ते पण हेच का. तर ते वेगळे, दोऱ्यासारखे बारीक, रात्री बाहेर येऊन अंडी घालतात. त्याला घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी परत, आणि नखं बारीक, चादरी गरम पाण्यात. तेवढं ऐकायला दोन सिस्टर पण थांबल्या, म्हणजे घरोघरी तीच गत दिसते.

इथं माझा राग काढून घेतो. ही अल्बेंडाझोलची गोळी सरकार फुकट देतं. 2015 पासून 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो, ऑगस्टमधी परत, एक ते एकोणीस वर्षाच्या सगळ्यांना, अंगणवाडीत आणि शाळेत, राहिलेल्यांना आठवड्याभरात मॉप-अपला. माझ्या भाचीला शाळेत मिळाली. पण 10 फेब्रुवारीला ऊसतोडवाल्याचं लेकरू असतं कुठं? फडात, दोन-तीन जिल्हे पलीकडं. आमच्या अंगणवाडीच्या रजिस्टरला त्याच्या नावापुढं "स्थलांतरित" आणि जिथं तो होता तिथल्या अंगणवाडीच्या रजिस्टरला त्याचं नावच नाही. तळावर कोणी गोळी घेऊन आलं नाही असं ताई म्हणते, आणि आलं असतं तरी ती पहाटे पाचपासून उसात. ज्या लेकराला सगळ्यात जास्त गरज तेच बरोबर तारखेला गायब. वसतिगृहं वगैरे आहेत पण ती शाळेतल्या पोरांना, दोन वर्षांचं कुठं जाणार. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा 2019-21 चा आकडा वॉर्डाच्या भिंतीवरच लावलाय, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 25.6 टक्के लेकरांचं वजन उंचीच्या मानानं कमी, म्हणजे चारातलं एक. आधी मला वाटायचं हे मेळघाट नाहीतर जव्हार-मोखाड्याचं प्रकरण.

एक स्टार का कापला ते सांगतो. वॉर्डाच्या संडासात 16 पैकी 6 दिवस पाणी नव्हतं. जंतांच्या वॉर्डात! साबणाची वडी आम्ही आयांनी वर्गणी काढून आणली. कूलर होता, नुसती हवा, पाणी टाकायचं कोणी हा वाद तीन दिवस, शेवटी मीच टाकलं. लेकराबरोबर राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात, खात्यावर येतात म्हणले, ताईचं आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं, झालं, तीन चकरा आणि अजून आलेले नाहीत. रविवारी डॉक्टर लवकर येत नाहीत. आणि एक्सरेच्या खिडकीवरचा माणूस माझ्या ताईला "दरवर्षी एक काढता आणि इथं आणून टाकता" असं बोलला. ताईला दोनच लेकरं आहेत. मी तेव्हा तिथं नव्हतो हे त्याचं नशीब.

सोळाव्या दिवशी निघालो, 8 किलो 350. खरं म्हणजे 15 टक्के वजन वाढायला पाहिजे होतं, म्हणजे 8.740 च्या आसपास, आमचं 10 टक्क्यांच्या आत-बाहेर झालेलं. घाई आमचीच, दाजींच्या भावाचं लग्न होतं आणि आईला एकटीला मोठी पोरगी झेपंना. आहाराच्या मॅडमनी ताईला किचनमधी उभं करून तिच्या हातानं लाडू करून घेतले, वजन करून, तेव्हाच सोडलं. पुढं अंगणवाडीत दाखल, दर पंधरा दिवसांनी वॉर्डात दाखवायचं, चार वेळा. पहिल्याला 8.7. दुसऱ्याला लग्नाच्या गडबडीत चार दिवस उशीर आणि त्यात हगवण लागलेली, 8.650, सिस्टरचं बोलणं खाल्लं, बरोबरच होतं. तिसऱ्याला 9.1 आणि दंड पिवळ्यात. ऑगस्टची गोळी गावात मिळाली, अंगणवाडीच्या बाईंनी समोर चुरून पाजली आणि आमच्या मोठ्या भाचीला शाळेतली.

मुकादमाचा माणूस परवा उचल घेऊन आलेला. आई म्हणती बारकं या साली माझ्याकडं, ताई म्हणती नाही राहणार, दाजी गप्प. अजून ठरलं नाही. मी एवढंच केलंय की अंगणवाडीच्या बाईंकडून त्याच्या कार्डावर शेवटचं वजन, दंड आणि गोळीची तारीख लिहून घेतलीय आणि दोन पट्ट्या मागून घेतल्यात, एक ताईच्या पिशवीत टाकणार आणि एक दुकानात काउंटरवर. ताईला लावायला शिकवलीय, डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधी, आवळायची नाही.

जाणार असाल तर: लेकराचं आणि आईचं आधार, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची चिठ्ठी, आईच्या बँक पासबुकाची झेरॉक्स (नाव आधी जुळवून घ्या, माझं ऐका). दोन चादरी, एक टोपी, साबण, बादली. आणि घरचा बारका चमचा न्या, वॉर्डातला चमचा मोठा आहे, लेकराच्या तोंडात मावत नाही.